नको म्हणणाऱ्यांची प्रश्नावली

माणूस एकटा आहे की नाही हे वीस वाक्यांत कळतं, असं पाक वाहोनो, म्हणजे वाहोनोसाहेब, यांचं ठाम मत होतं. एकोणीस कमी पडतात आणि एकवीस झाली की म्हातारी माणसं जांभया देतात. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी. एका चौकोनात फुली मारायची की झालं. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या एका बेताच्या खाजगी कॉलेजात ते अठरा वर्षं मानसशास्त्र शिकवत होते, आणि या अठरा वर्षांत स्वतःचं म्हणून त्यांनी जगाला काही दिलं नव्हतं. शेवटी ही प्रश्नावली दिली. तिचं नाव 'ज्येष्ठांची एकटेपणा मापनी'. नाव ठरवण्यातच दोन महिने गेले होते.

आता मापनी म्हटली की ती मापते का, हा प्रश्न आलाच. सकाळी काट्यावर पन्नास किलो भरलेला माणूस दुपारी ऐंशी भरला, तर दोष माणसाचा नसतो, काट्याचा असतो. प्रश्नावलीचंही तसंच. आज विचारायचं, महिन्याने त्याच माणसांना तेच पुन्हा विचारायचं, आणि दोन्ही खेपेची उत्तरं ताडून बघायची. तंतोतंत जुळली तर एक, कशाचा कशाला मेळ नसला तर शून्य. वाहोनोंना पॉइंट सात हवा होता. पॉइंट सात मिळाला की मापनी विश्वसनीय ठरणार, विश्वसनीय ठरली की निबंध छापून येणार, आणि निबंध छापून आला की वरिष्ठ अध्यापकाची जागा. सत्र संपायला तीन महिने होते. ही जागा या खेपेला हुकली की पुढच्या वर्षीपर्यंत गप्प बसायचं.

सुरुवात त्यांनी आईपासून केली. आई, तिकडच्या बोलीत सिम्बोक, नाव पारिनेम, वय शहात्तर, वोनोगिरीकडच्या डोंगराळ गावात एकटी राहत होती. फोनवर त्यांनी तिला वीसही वाक्यं वाचून दाखवली.

"मला एकटं वाटतं," वाहोनोंनी वाचलं.

"कुणाला? तुला?" आई घाबरून म्हणाली.

"मला नाही, सिम्बोक. तुला. तुला वाटतं का, ते सांगायचं."

"कधीच नाही. जेवलास का?"

वीसच्या वीस वाक्यांना 'कधीच नाही' आणि सहा वेळा 'जेवलास का'. वाहोनोंनी कागदावर 'उत्तरदात्री क्रमांक शून्य' असं लिहिलं आणि त्यांना बरं वाटलं. गेल्या वर्षी वडील गेल्यावर त्यांनी आईला सोलोला येऊन राहण्याबद्दल विचारलं होतं. तिने नको म्हटलं. त्यांच्या बायकोने, एन्दाहने, मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. तिथे मग वाहोनोंनी आपलं टेबल आणि कागद नेले. कुणी चौकशी केली की ते सांगत, "मी विचारलं हो, तीच नको म्हणाली." हे वाक्य ते इतक्यांदा बोलले होते की आता तोंडात आपोआप यायचं. आज त्याला संशोधनाचाही आधार मिळाला.

खरी चाचणी आळीतल्या म्हाताऱ्यांवर करायची ठरली. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आळीप्रमुख पाक जुमादींच्या घरी साठीच्या वरच्या सगळ्यांचं वजन आणि रक्तदाब तपासत. बत्तीस माणसं आयती एका जागी सापडणार होती. फक्त वॉर्ड ऑफिसचं पत्र लागणार होतं. हे 'फक्त' वाहोनोंनी अठरा वर्षं सरकारी कागद भरूनही वापरलं, यावरून माणूस किती भाबडा असतो ते दिसतं.

वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने अर्ज वाचला, उलटा करून मागून वाचला, आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. वॉर्डाला त्या वर्षी ज्येष्ठांची उत्तम काळजी घेतल्याचा फलक मिळाला होता.

"पाक, आमच्याकडे एकटेपणा नाही," कारकून म्हणाला.

"तो आहे का, तेच तर बघायचंय."

"आणि निघाला तर? फलक परत करावा लागेल. साहेबांना काय सांगू? आधी आरोग्य खात्याचं पत्र आणा."

आरोग्य खात्याने सांगितलं की आधी वॉर्डाचं पत्र आणा. या दोन पत्रांच्या मध्ये वाहोनो अकरा दिवस फिरले. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. प्रत्येक ठिकाणी बसायला खुर्ची मिळाली, गोड चहा मिळाला आणि पत्र मिळालं नाही. शेवटी एन्दाहने सुचवल्याप्रमाणे अर्जावर 'एकटेपणा' खोडून 'समाधानाची पाहणी' असं लिहिलं. शिक्का पाच मिनिटांत बसला. शास्त्राशी आपण ही पहिली तडजोड केली, असं वाहोनोंना वाटलं, आणि त्या दिवशी ते जरा कमी जेवले.

पाक जुमादींना मात्र कल्पना एकदम पसंत पडली. "काही काळजी करू नका," ते म्हणाले. "बुधवारी सगळ्यांना बोलावतो आणि काय उत्तर द्यायचं ते ठरवून टाकतो."

"अहो, ठरवायचं नाही. ज्याने त्याने आपलं आपलं द्यायचं."

"आपलं आपलं?" पाक जुमादींना हे जरा उद्धट वाटलं. "मग एकमत कसं होणार?"

पहिल्या खेपेचा गुरुवार उजाडला. निम्मी मंडळी चष्मा घरी विसरून आली होती, म्हणून वाक्यं वाचून दाखवायची ठरली. वाचायला पाक जुमादींची बायको बु तुतिक, म्हणजे तुतिकबाई, उभी राहिली. आळीतला प्रत्येक ताप, प्रत्येक साखरपुडा आणि प्रत्येक भांडण तिच्याकडे नोंदलेलं असे. तिने पहिलं वाक्य खणखणीत वाचलं आणि बत्तीस जणांनी एका सुरात 'कधीच नाही' म्हटलं. वाहोनोंनी हात जोडून थांबवलं. एकेकाला ओसरीवर नेऊन विचारायचं, असं त्यांनी समजावलं. पहिल्या आल्या बु सार्मी. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या. त्यांच्यामागोमाग चौघी उठल्या.

"तुम्ही कुठे?" वाहोनोंनी विचारलं.

"त्यांना एकटीला कसं बसवायचं? बरं दिसतं का?" चौघी म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या.

अशा रीतीने सोलोतल्या बत्तीस ज्येष्ठांनी एकटेपणाची मोजणी घोळक्याने पार पाडली. वाहोनोंनी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं, तसा आवाज सपाट ठेवला, चेहरा कोरा ठेवला, मान हलवली नाही आणि प्रत्येक वाक्य एकदाच विचारलं. प्रश्न एकदाच विचारायचा. पुन्हा विचारला की उत्तराला धक्का लागतो. हे त्यांचं ब्रीदच होतं म्हणा ना.

कागदांचा गठ्ठा त्यांनी विभागप्रमुख बु रोस्मा सिनागांपुढे ठेवला. बु रोस्मा सुमात्राच्या, बाताक लोकांपैकी. तिकडची माणसं पोटात एक आणि ओठात एक ठेवत नाहीत. वयाने वाहोनोंपेक्षा दहा वर्षांनी लहान, आकड्यांत पक्क्या, आणि हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. कॉलेजातली अर्धी मंडळी त्यांच्या खोलीत जाण्याआधी पाणी पिऊन जात.

त्यांनी कागद भराभरा चाळले. "बत्तीस माणसं. सहाशे चाळीस उत्तरं. त्यांत तीन जणांनी कुठेकुठे 'क्वचित' म्हटलंय, बाकी सगळं 'कधीच नाही'. पाक वाहोनो, ही माणसं जिवंत आहेत ना?"

"समाधानी आहेत," वाहोनो म्हणाले.

"मग पुन्हा विचारल्यावर तेच सांगतील. सांगू दे. मग बघू."

वाहोनोंना मनातून वाटत होतं, उत्तम झालं. सगळ्यांनी पुन्हा तेच सांगितलं की जुळणी पक्की. चार आठवडे ते खुशीत होते. आळीत जाता-येता लोक आपण होऊन सल्ले देत होते. पाक जुमादी म्हणाले, या वेळी भेट म्हणून टॉवेल द्या. दुसरे कोणी म्हणाले, टॉवेलपेक्षा चहापूड बरी. वाहोनोंनी कुणाचंच ऐकलं नाही, कारण भेटीने उत्तरं फिरतात असं पुस्तकात होतं.

दुसऱ्या खेपेच्या गुरुवारी पहिल्या पुन्हा बु सार्मी आल्या. या खेपेला एकट्याच. मागून चौघी उठायला लागल्या तेव्हा त्यांनीच हाताने खुणावून त्यांना बसवलं.

"संध्याकाळी कुणी दार वाजवलं तर बरं होईल, असं मला वाटतं," वाहोनोंनी चौथं वाक्य वाचलं.

"नेहमी," त्या म्हणाल्या.

वाहोनोंनी मागचा कागद काढून बघितला. नियमात बसत नव्हतं, पण बघितला. "मागच्या वेळी 'कधीच नाही' म्हणाला होतात."

"मागच्या वेळी म्हणाले होते. आज लिहा, नेहमी. आणि मी रोज दोन कप मांडते, तेही लिहा."

"त्याला चौकोन नाही, बु."

"मग काढा एक," बु सार्मी म्हणाल्या.

त्यांच्यानंतर जणू बांध फुटला. एक निवृत्त पोस्टमन सातव्या वाक्यावर पाऊण तास बोलले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली आणि स्वतःला एक आलं नाही, हे सांगताना त्यांनी वाहोनोंचा हात धरला तो सोडला नाही. एका आजींनी वाक्यं ऐकलीच नाहीत, नुसतं 'नेहमी, नेहमी' म्हणत गेल्या आणि मोकळ्या होऊन वजन करायला उठल्या. पाक जुमादी स्वतः सदुसष्टचे, त्यामुळे त्यांचाही कागद होता. त्यांनी बायकोला चहा बघायला आत पाठवलं आणि खाली वाकून सांगितलं, "नऊ नंबर. बरेचदा. तुतिकला बोलू नका." नऊ नंबरचं वाक्य होतं, 'घरात माणसं असूनही माझं कुणी ऐकत नाही.' थोड्या वेळाने बु तुतिकने नवऱ्याला खुर्च्या मोजायला अंगणात पाठवलं. "नऊ नंबर," ती म्हणाली. "नेहमी. ह्यांच्या कानावर घालू नका."

संध्याकाळी वाहोनोंनी मागच्या खोलीत बसून आकडा काढला. मग पुन्हा काढला. मग एन्दाहला बोलावून बेरजा तिच्याकडून करून घेतल्या. पॉइंट अकरा. सात नाही, सहा नाही, पाच नाही. पॉइंट अकरा हा असा आकडा होता की दोन्ही खेपेला म्हाताऱ्यांनी चिठ्ठ्या उचलून उत्तरं दिली असती तरी फार फरक पडला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट बु तुतिककडे गेले. रागावलेले होते, पण सोलोत रागावलेला माणूसही आधी बाहेर चपला काढून तब्येत विचारतो. ती विचारून झाल्यावर ते म्हणाले, "बु, एक सांगा. महिन्याभरात आळीत असं काय घडलं, की आनंदात असलेली माणसं एकदम दुःखी झाली?"

"काही घडलं नाही," ती म्हणाली. "माणसं तीच आहेत."

"मग पहिल्या वेळी खोटं का सांगितलं?"

"खोटं कसलं? पहिल्या वेळी तुम्ही विचारलंत, ती रीत झाली. कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं. जेवता का विचारलं की नको म्हणायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारं माणूस हावरट दिसतं, पाक. पण तुम्ही दुसऱ्यांदा आलात, तेच कागद घेऊन, तेच विचारायला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, या माणसाला खरंच जाणून घ्यायचंय. मग सांगितलं. चहा घेणार?"

"नको," वाहोनो म्हणाले.

"थोडा तरी घ्या."

त्यांनी घेतला. आणि घेता घेता म्हणाले, "पण हे शास्त्र आहे, बु. शास्त्रात पाहुणचाराच्या रीती चालत नाहीत." असं म्हणून ते दुसरा कप पिऊन घरी आले. इतका विद्वान माणूस, पण हातातल्या कपाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. विद्येने असं होतं कधी कधी.

बु रोस्मांनी आकडा बघितला आणि हसल्या नाहीत, एवढी त्यांची माणुसकी. "पॉइंट अकराने निबंध छापत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण वाक्यं चांगली आहेत तुमची. पुन्हा नीट चाचणी घ्यायला तीन महिने मुदत देऊ का? माझी एक सही लागेल फक्त."

वाहोनोंच्या जिवात जीव आला. तीन महिने म्हणजे सगळं काही. जागा, मान, आणि दरवर्षी पोरवयाच्या माणसांना आपल्या पुढे जाताना बघणं बंद. त्यांनी मान खाली घातली, हसले आणि म्हणाले, "नको नको, बु. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं," बु रोस्मा म्हणाल्या. त्यांनी फाइलवर 'मुदत नको' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

वाहोनो बसून राहिले. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खिडकीतल्या रोपाची चौकशी केली. घसा खाकरला.

"आणखी काही होतं?" बु रोस्मांनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि दारापर्यंत शक्य तितके हळू चालत गेले. मागून कुणी हाक मारली नाही. दाराशी चपला घालायलाही त्यांनी बराच वेळ लावला. आतून कागदावर शिक्का मारल्याचा आवाज आला.

घरी एन्दाह शेंगा निवडत बसली होती. वाहोनोंनी पिशवी खुर्चीवर टाकली. असं ते कधी टाकत नसत.

"एकदा," ते म्हणाले. "फक्त एकदा विचारलं तिने."

"कुणी? काय?"

"रोस्मा बाईने. मुदत देऊ का म्हणून. मी आपलं रीतीप्रमाणे नको म्हटलं. तर बरं म्हणाली आणि लिहून टाकलं. ही काय पद्धत झाली? माणूस तोंडाने नको म्हणेल, पण समोरच्याने पुन्हा विचारायला नको? एकदा विचारायचं आणि मोकळं व्हायचं, त्याला काय विचारणं म्हणतात? अगं, तोंडदेखलं आहे ते. द्यायचंच नव्हतं तिला."

एन्दाहने शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि साल बाजूला ठेवलं. "आणि तुम्ही सिम्बोकना किती वेळा विचारलंत?" ती म्हणाली.

वाहोनोंनी तोंड उघडलं. 'मी विचारलं हो, तीच नको म्हणाली' हे वाक्य जिभेपर्यंत आलं आणि पहिल्यांदाच बाहेर पडलं नाही.

वडिलांच्या शंभराव्या दिवसाचे विधी आटोपून ते निघाले होते. गाडी सुरू होती. त्यांनी काच खाली करून विचारलं होतं, "सिम्बोक, येतेस का आमच्याकडे राहायला?" आई म्हणाली होती, "नको रे, तुम्हाला कशाला त्रास." त्यांनी बरं म्हणून काच वर केली होती. आत थंड हवा चालू होती, ती बाहेर जाऊ नये म्हणून. हे सगळं त्यांना आता स्वच्छ आठवलं. अठरा वर्षं पोरांना एकदाच विचारायला शिकवलं, आणि तेवढं एक शास्त्र आपण घरी पाळलं, हे मनात येऊन त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ते तसंच उठून मागच्या खोलीत गेले आणि कागदांच्या गठ्ठ्यांकडे बघत उभे राहिले.

रविवारी सकाळी ते वोनोगिरीला पोहोचले. बरोबर प्रश्नावलीचा एक कोरा कागद घेतला होता. उत्तरदात्री क्रमांक शून्यची दुसरी खेप राहिलीच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. कारणाशिवाय आईकडे जायची सवय मोडली की अशी कारणं शोधावी लागतात.

आई अंगणात कंदाचे काप वाळत घालत होती. "अगं बाई, तू? कळवलं नाहीस. जेवणार?"

"नको, खाऊन आलोय."

"थोडं खा."

"नको गं."

"भात गरम आहे, ले."

तिने 'ले' म्हटलं, म्हणजे पोरा म्हटलं, आणि बावन्न वर्षांचे वाहोनो जेवायला बसले. तिने मागल्या दारी तीनदा भात वाढला. पाच कोंबड्या त्यांच्या पायांत घोटाळत होत्या. आई प्रत्येकीला नावाने हाका मारून हाकलत होती, आणि हाकलून झाल्यावर त्यांच्याशी बोलत होती. कालच्या पावाच्या गाडीवाल्याबद्दल, गुडघ्याबद्दल, वडिलांच्या जुन्या रेडिओबद्दल. एकीला तर तिने विचारलं, "आठवतं ना तुला?" वाहोनोंनी ताट बाजूला सरकवलं.

त्यांनी हात धुतले. गाडीची चावी खिशातून काढून दूर चुलीजवळच्या फळीवर ठेवली आणि पुन्हा कापांपाशी बसलेल्या आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"सिम्बोक, चल आमच्याकडे राहायला."

"नको रे," आई लगेच म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास."

"चल. मी खरंच म्हणतोय."

ती कंदाचे काप खालीवर करत राहिली. "एन्दाहला अडचण होईल."

"खोली तिनेच आवरली होती. गेल्या वर्षी."

"त्या खोलीत तुझे कागद आहेत ना?" आई म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. कुणी सांगितलं असेल ते असो.

"ते काढतो. सिम्बोक, तू यावंस असं मला वाटतं. मला. चल."

आईचे हात थांबले. मग ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तू त्या दिवशी एकदाच विचारलंस."

"हो."

"मला वाटलं, खाली उतरशील आणि पुन्हा विचारशील. म्हणून मी फाटकाशी थांबले. गाडी पुलापाशी वळली तरी थांबले होते. म्हटलं, काही विसरला म्हणून तरी परत येईल."

वाहोनो रडले. अठरा वर्षं मानसशास्त्र शिकवलेला माणूस कंदाच्या कापांशेजारी बसून पदवीधराला न शोभेल असा रडला, आणि आई त्यांच्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमच्या आळीत कोंबड्या चालतात का?"

आळीत कोंबड्या चालत नव्हत्या. त्यासाठी आळीप्रमुखांचं पत्र लागायचं. पाक जुमादी आधी नाही म्हणाले, पण वाहोनो आता शिकले होते. कोंबड्या गाडीतून आल्या त्या पॉइंट अकराच्या बत्तीस कागदांच्या जोडप्रतींवर. टोपलीत अंथरायला तेच हाताशी होते. मूळ प्रती मात्र त्यांनी कपाटात ठेवल्या.

सोमवारी ते बु रोस्मांकडे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मला मुदत हवी आहे."

"मग त्या दिवशी नको का म्हणालात?"

"ते पहिलं नको होतं."

बु रोस्मांनी मान हलवली. "कागद वर गेला, पाक. आता पुढच्या वर्षी." मग पुन्हा म्हणाल्या, "पहिलं नको म्हणजे काय?"

वाहोनोंनी सांगितलं. सगळंच सांगितलं, पुलापर्यंत. ऐकून बु रोस्मांनी मूळ कागद बघायला मागितले. कुठली खेप खरी, हे आकड्यावरून कसं ओळखायचं, याचा त्यांना चाळा लागला होता. म्हणून पुढच्या रविवारी त्या घरी आल्या.

मागच्या खोलीच्या दारात आई कोंबड्यांना दाणे टाकत होती. पाहुणी दिसताच ती उठली. "जेवणार?"

"हो, द्या," बु रोस्मा म्हणाल्या.

आईला काय करावं सुचेना. 'थोडं खा', 'भात गरम आहे', 'असं कसं' ही सगळी वाक्यं तिच्या तोंडात तयार होती आणि एकाचीही गरज पडली नाही. ती वाढायला बसली, पण तिला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. भाजी वाढताना तिने विचारलं, "सुमात्रातून आलीस? इथे घरी कोण असतं?"

"कुणी नाही. खोली घेतलीय भाड्याने. नऊ वर्षं झाली."

"एकटं नाही वाटत?"

"नाही," बु रोस्मा म्हणाल्या. त्यांचं नाही म्हणजे नाही, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

आईने ताट त्यांच्या बाजूला जरा सरकवलं. "खरंच नाही?"

बु रोस्मा भात कालवत होत्या, त्या थांबल्या. बाहेर कोंबडी फडफडली.

"रविवारी," त्या हळू म्हणाल्या. "रविवारी वाटतं. बरेचदा."

वाहोनोंचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. एन्दाहने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो हात त्यांनी परत आणला.

"मग दर रविवारी इथे येत जा जेवायला," आई म्हणाली.

"नको नको," बु रोस्मा म्हणाल्या. "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

आईचा चेहरा उजळला. तिने भाताचा डाव उचलला, नीट सावरून बसली आणि दुसऱ्यांदा विचारायला लागली.